सोडायलाही ताकद लागते

आमच्या शाळेत कवायतीच्या शिक्षकांना सगळे शिट्टी सर म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ फिरली की पहिलीच्या वर्गापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. पितळेची ती शिट्टी आंघोळीपुरतीच काय ती गळ्यातून निघत असावी. एकदा शिक्षकांची बैठक फारच लांबली, तेव्हा त्यांनी मागच्या बाकावरून ती खच्चून वाजवली. मुख्याध्यापक दचकून अर्धे उठले आणि उठलोच आहोत तर जाऊ या म्हणून बैठक तिथेच संपली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात सरांना दुवा दिला.

मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी, आणि राहायलाही आम्ही एकाच इमारतीत. ते तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. त्यामुळे त्यांच्या घरात जे घडलं ते मी जिन्यातून येता-जाता पाहिलं आहे. एका ठिकाणी नुसतं पाहिलं नाही, माझाही हात लागला आहे.

सर एकच गोष्ट शिकवायचे. थकवा पायात नसतो, डोक्यात असतो. पोरं धापा टाकत थांबली की हे वाक्य मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचं. त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, सामानाच्या खोलीत चेंडूंमध्ये हवा भरताना.

चोविसाव्या वर्षी ते बेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत धावले होते. वर्षभर तयारी केली होती. तिसाव्या किलोमीटरपर्यंत पाय वाऱ्यावर होते. चौतिसाव्याला, कुणी बटण दाबून दिवा घालवावा तसे पाय गेले. मांड्या ओल्या वाळूच्या पोत्यांसारख्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ते रस्त्याच्या कडेला फरशीवर बसले. बघ्यांमधला एक म्हातारा शेजारच्या बाईला म्हणाला, “हा दमला नाहीये. यानं सोडलं.”

“आणि सर, तो खरं बोलत होता,” पंप दाबत ते मला म्हणाले. “दहा-पंधरा मिनिटांनी मी उठून गाडीपर्यंत चालत गेलो ना? म्हणजे पायांत होती ताकद. मग बसलो कशाला? डोक्यानं बसवलं मला.”

मी माझं पुस्तकी ज्ञान पुढे केलं. म्हटलं, सर, त्यात लाज कसली? स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो. तो सलग दीड-दोन तास धावलं की संपत येतो. मग शरीर चरबी जाळायला घेतं, पण चरबी हळू जळते, त्या वेगाला पुरत नाही. आणि मेंदू या सगळ्यावर डोळा ठेवून असतो. रक्तातली साखर, अंगातली उष्णता, हृदयाचे ठोके. खरोखर सगळं संपायच्या बऱ्याच आधी तो पायांना ब्रेक लावतो आणि थोडी शिल्लक राखतो.

“बघा!” सरांचे डोळे चमकले. “म्हणजे शिल्लक असतेच!”

“असते. पण ती जीव राखायला असते. वापरायची नसते.”

“ते तुमच्या पुस्तकात. मैदानावर आहे ते सगळं वापरायचं.”

या बोलण्याला मी हसलो होतो. वाद जिंकायचा असतो असं मला तेव्हा वाटलं नाही.

सरांना एकच मुलगी. रांगायला लागल्यापासून घरभर गरगर फिरायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. नाव पडलं ते पडलं, पण चालायला लागल्यावर ती भिंगरी काही राहिली नाही. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसकण मारायची. दप्तर आईच्या खांद्यावर द्यायची. सरांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, तिला कडेवर घेऊन तिसरा मजला चढायच्या आणि दाराशी पोचण्याआधी खाली उतरवायच्या. आत सर असायचे.

ती आमच्याच शाळेत शिकायला आली आणि सरांनी तिला धावायला लावलं. इतर मुलींसारखंच, किंबहुना इतर मुलींपेक्षा जास्त. आपल्या पोरीला सवलत दिली असं कुणी म्हणायला नको. तिचं धावणं मी वर्गाच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलं, आणि त्यात एक गोष्ट विचित्र होती. पहिल्या फेरीत ती सगळ्यांच्या मागे असायची. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी, पाय लाकडी. दोन फेऱ्यांनंतर तर ती जवळजवळ चालायचीच. आणि मग, आठ-दहा मिनिटं झाली की काहीतरी सुटायचं. खांदे खाली यायचे, पावलं मोकळी पडायची, आणि इतर मुली दमायला लागलेल्या असताना ही एकेकीला मागे टाकत जायची.

शिक्षकांच्या खोलीत सर हे अभिमानानं आणि रागानं सांगायचे. “पाहिलंत? पहिली दहा मिनिटं शुद्ध आळस. मी मागे लागलो की आळस जातो आणि खरी ताकद बाहेर येते. म्हणजे ताकद होतीच की नाही?”

पुरावा इतका स्वच्छ दिसत होता की मीही मान डोलावली.

नववीत मी त्या वर्गाला स्नायूंचा धडा शिकवला. फळ्यावर मांडीच्या स्नायूचं चित्र काढलं, जोरात धावलं की ऑक्सिजन कमी पडतो, साखर अर्धवट जळते, आम्ल तयार होतं आणि पाय भाजल्यासारखे जळजळतात, असं सांगितलं. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. तास संपल्यावर भिंगरी टेबलापाशी आली.

“सर, माझे पाय जळत नाहीत.”

“म्हणजे?”

“सगळ्या म्हणतात जळजळतं. माझं तसं होत नाही. माझे पाय दगड होतात. आखडतात आणि मग सुटतच नाहीत. कधी कधी दोन दिवस.”

पुढच्या वर्गाची घंटा झाली होती. मी हातांचा खडू पुसत म्हणालो, “तेच ते. प्रत्येकाला वेगळं जाणवतं. पाणी पीत जा.”

तिनं मान हलवली आणि गेली. पंधरा वर्षांच्या मुलीनं आपल्या शरीरातली नेमकी गोष्ट नेमक्या शब्दांत मला आणून दिली होती. धड्यात ती नव्हती, म्हणून मी ती परत पाठवली.

वहिनींनाही तिनं काही सांगितलं होतं. स्पर्धांच्या दिवसांत सलग सराव झाला की तिला लघवी गडद व्हायची, कोऱ्या चहासारखी. वहिनींना वाटलं उष्णता असेल, पाळीचं असेल. त्यांनी तिला भरपूर पाणी पाजलं, दोन दिवस पोट दुखतंय सांगून शाळा बुडवू दिली. सरांना कुणी काही बोललं नाही. बोलून काय ऐकायला मिळेल ते दोघींनाही पाठ होतं.

शाळा संपल्यावर भिंगरीला नकाशे काढायला शिकायचं होतं. इमारतींचे, रस्त्यांचे. तिचा हात फार स्वच्छ होता. पेन्सिलीची रेघ ती अशी ओढायची की पट्टीला लाज वाटावी. त्याच सुमाराला अग्निशमन दलात मुलींची भरती निघाली. सरांनी जाहिरातीचं कात्रण स्वयंपाकघरातल्या फडताळावर चिकटवलं. परीक्षा साधी होती. सरावाच्या मनोऱ्याचे सात मजले लोखंडी जिन्यानं चढायचे, खांद्यावर वीस किलोची नळी घेऊन, तीन मिनिटांत. वर घंटा होती, ती वाजवायची.

“तू करतेस का हे तुझ्या मनानं?” मी तिला जिन्यात विचारलं होतं.

“बाबांना एकदा मला कुठेतरी पोचलेलं बघायचंय, काका,” ती म्हणाली. शाळा सुटल्यापासून ती मला काका म्हणायला लागली होती. “एकदा बघू देत. मग सोडतील.”

तीन महिने रोज पहाटे आमचा जिना दणाणायचा. सर खाली उभे राहून घड्याळ बघायचे, ती वाळूची पिशवी घेऊन वर-खाली. पण मला एक गोष्ट दिसली जी सरांना दिसली नाही. ते खाली यायच्या आधी ती एकटीच जिन्यात फिरत असायची. रिकाम्या हातांनी, अगदी सावकाश, म्हातारं माणूस चालावं तशी. दहा-बारा मिनिटं. मी दूध घ्यायला दार उघडलं की ओठांवर बोट ठेवायची.

“बाबांना सांगू नका हं. असं आधी चाललं ना, की मग पाय आखडत नाहीत. मी शोधून काढलंय.”

“अरे वा,” मी म्हणालो आणि दुधाची पिशवी घेऊन आत गेलो.

परीक्षेच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सर म्हणाले, चला, आमची पोरगी बघायला, आणि मीही गेलो. दलाचं आवार मोठं होतं, फरशीवर लाल गाड्या धुऊन ठेवलेल्या, मध्ये तो मनोरा. तीसेक मुली आल्या होत्या. क्रमांक पुकारायला वेळ होता. भिंगरी आल्या आल्या कुंपणाच्या कडेनं चालायला लागली. एक चक्कर झाली, दुसरी सुरू झाली, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

“ए, बस इथे. ताकद वाया घालवू नकोस.”

“बाबा, थोडंसं चालू द्या ना. चालल्याशिवाय माझे पाय...”

“पायांचं मला सांगू नकोस. बस म्हणालो ना.”

ती बसली. बाकावर, आमच्या दोघांच्या मध्ये. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं ती का बघते आहे. माझ्या हातात वर्तमानपत्र होतं, मी त्यात डोकं घातलं. बापलेकींच्या मध्ये कशाला पडा, असा माझा विचार होता. आम्ही पाऊण तास बसलो. मग तिचा क्रमांक पुकारला आणि ती थंड पायांनी उठली.

पहिला मजला ती झपाट्यानं चढली. दुसऱ्यावर वेग कमी झाला. तिसऱ्यावर ती थांबली. कठडा धरून उभी राहिली, कमरेत वाकलेली. खालून आम्हाला तिचा चेहरा दिसत नव्हता, नळीचं वेटोळं आणि खालचे पाय तेवढे दिसत होते. पाय थरथरत नव्हते. मला तेच आठवतं. दमलेले पाय थरथरतात. हे खांबासारखे स्थिर होते.

सरांनी शिट्टी वाजवली.

आवारातली सगळी माणसं वळून बघायला लागली. सर पुढे धावले, मनोऱ्याच्या पायथ्याशी गेले आणि मान वर करून ओरडले, “डोक्यात आहे ते! डोक्यात! चल! उचल पाय!”

तिनं पाय उचलला. कसा उचलला ते मला आजही समजत नाही. गुडघा वाकत नव्हता. कमरेतून हिसका देऊन ती एक एक पाऊल वरच्या पायरीवर टाकत होती आणि हातांनी कठडा ओढत होती. चौथा. पाचवा. सर खालून मोजत होते. सहाव्यावर तिच्या तोंडून आवाज यायला लागला, एकसारखा. मग घंटा वाजली. दोन मिनिटं बावन्न सेकंद.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर रडत होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, “होती की नाही शिल्लक? होती की नाही?”

भिंगरी खाली आली नाही. थोड्या वेळानं दलाची दोन माणसं वर गेली आणि तिला स्ट्रेचरवर बांधून घेऊन आली. नळी तिच्यासोबतच आली. तिच्या बोटांतून ती सुटत नव्हती. त्यातल्या एकानं तिची मूठ उघडायचा प्रयत्न केला तर ती किंचाळली. मी मांडीला हात लावून पाहिला. माणसाची मांडी तशी लागत नाही. दाराच्या चौकटीला हात लावल्यासारखं वाटलं.

“बाबा,” ती म्हणाली, “सुटत नाहीये.”

रुग्णालयात नेल्यावर तासाभरात तिला लघवी झाली ती जवळजवळ काळी. संध्याकाळपर्यंत उजवी पोटरी सुजून टम्म झाली, पाऊल गार पडलं. डॉक्टरबाईंनी सही घेतली आणि पायाची कातडी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उभी कापून दाब मोकळा केला. फुटलेल्या स्नायूंचा गाळ रक्तात उतरून मूत्रपिंडांत जाऊन बसला होता. दोन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडली. मग रक्त गाळणारं यंत्र लावलं, एक दिवसाआड चार-चार तास. सर बाहेरच्या बाकावर बसून असायचे, पाठ ताठ, गुडघ्यांवर हात.

पायाला छेद दिला तेव्हा डॉक्टरबाईंनी स्नायूचा एक तुकडा तपासायला पाठवला होता. त्याचा निकाल यायला दोन आठवडे लागले. तो आल्यावर त्यांनी आम्हाला आत बोलावलं. सर, वहिनी, आणि सरांच्या आग्रहावरून मी. “तुम्ही चला,” ते म्हणाले होते, “मला ते शब्द कळणार नाहीत.”

पण बाई फार सोपं बोलल्या. सावकाश, एका कागदाच्या पाठीवर चित्र काढत.

“स्नायू आवळायला ताकद लागते, हे सगळ्यांना माहीत असतं,” त्या म्हणाल्या. “पण सैल सोडायलाही लागते. ताकद पूर्ण संपली तर आवळलेला स्नायू आवळलेलाच राहतो. म्हणून शरीर ती कधी पूर्ण संपू देत नाही. आधी दुखवतं, दमवतं, थांबवतं. आपण त्याला थकवा म्हणतो. ती राखण असते.”

सर कागदाकडे बघत होते.

“तुमच्या मुलीच्या स्नायूंत साखरेचा साठा भरपूर आहे. पण तो उघडणारा एक पदार्थ तिच्यात जन्मापासून नाही. कोठार भरलेलं आणि किल्लीच नाही, असं समजा. त्यामुळे आपण बेचाळीस किलोमीटर धावून ज्या टोकाला जाऊ, त्याच्याही पलीकडे ती दोन मिनिटांत पोचते. मात्र सावकाश चालत राहिली तर आठ-दहा मिनिटांत रक्तातून साखर आणि चरबी यायला लागते आणि मग तिला जमतं.”

मग सर म्हणाले, “म्हणजे पहिली दहा मिनिटं ती आळस करत नव्हती.”

“आळस?” बाईंना कळलंच नाही. “कुणी म्हणालं असं?”

त्यांनी पुढे विचारलं, याआधी कधी लघवी काळी झाली होती का. वहिनी म्हणाल्या, चार-पाच वेळा. सर वळून त्यांच्याकडे बघत राहिले.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?” वहिनींनी विचारलं. आवाज चढवला नाही. उत्तराची खरंच वाट बघितली.

निघताना बाईंनी सांगितलं की असा दोष आई आणि बाप दोघांकडून अर्धा अर्धा आल्याशिवाय होत नाही, दोघांचाही दोष नाही त्यात. त्या धीर देण्यासाठी म्हणाल्या. वहिनी जिन्यात म्हणाल्या, “म्हणजे जन्माला घातली तेव्हाच अर्धं काम झालं होतं.”

त्याच आठवड्यात दलाचं पत्र आलं. उमेदवार उत्तीर्ण, अमुक तारखेला हजर व्हावं. सरांनी ते दडवायचा प्रयत्न केला, पण भिंगरीनं लिफाफ्यावरचा शिक्का पाहिला होता. तिनं हात पुढे केला. पडल्या पडल्या दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“पोचले ना, बाबा?” ती म्हणाली.

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर सरांना उत्तर देता आलं असतं.

पाच आठवड्यांनी तिची मूत्रपिंडं पुन्हा काम करायला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या, नशीब. उजव्या पायाची नस मात्र दाबात मेली होती. पाऊल वर उचलता येत नव्हतं, चालताना फरशीवर आपटायचं. बुटात घालायला एक पट्टी दिली. घरी आल्यावर पंधरा दिवसांत ती दुसऱ्या शहरात मावशीकडे गेली. तिथे नकाशे शिकवणारी संस्था होती, आणि मावशीचं घर तळमजल्यावर होतं. ही दोन कारणं तिनं सांगितली. तिसरं कुणी विचारलं नाही.

सर शाळेत परत आले. एक दिवस. सातवीचा वर्ग त्यांनी मैदानावर घेतला, पळायला लावला आणि शिट्टी ओठांत धरली. ती वाजली नाही. मी खिडकीतून बघत होतो. मुलं धावत राहिली, त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं. तीन फेऱ्या, चार, पाच. शेवटी एक मुलगी मैदानाच्या मधोमध बसली, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि हळूहळू सगळा वर्ग खाली बसला. सर तोंडात शिट्टी तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत उभे होते. तास संपल्यावर ते सामानाच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून घरी गेले.

त्यानंतर त्यांचं उठणं कमी होत गेलं. आधी सकाळचं फिरणं गेलं, मग खाली वर्तमानपत्र आणायला जाणं, मग जेवणाच्या टेबलापर्यंत येणं. वहिनी ताट पलंगाशी नेऊन ठेवू लागल्या. पन्नाशीचा, काटक, कधी साधा ताप न आलेला माणूस, भिंतीकडे तोंड करून पडलेला. मी दर रविवारी वर जायचो.

“उठवत नाही हो, सर,” ते म्हणायचे. “पाय उचलायचे म्हटलं तरी दम लागतो.”

मी त्यांना दवाखान्यात नेलं. खाली उतरायलाच अर्धा तास लागला, प्रत्येक मजल्यावर बसत. रक्त तपासलं, हृदय तपासलं, पायांना तारा लावून स्नायू तपासले. सगळं ठणठणीत. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, शरीरात काही नाही, हे मनाचं आहे, पण आजारच आहे, वेळ लागेल. परत येताना रिक्षात सर दोन्ही हातांनी मांड्या चाचपत होते.

“डोक्यात आहे म्हणाले,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “पण खरंच उचलत नाहीत हो पाय. कसं सांगू तुम्हाला? खरंच नाही उचलत.”

मी म्हटलं, माझा विश्वास आहे. त्यांचा नव्हता. कुणी आपल्यावर विश्वास ठेवावा याची सवयच त्यांना नव्हती, आणि स्वतः तर त्यांनी आयुष्यभर कुणाच्या थकव्यावर विश्वास ठेवला नव्हता.

गोळ्या बदलल्या, डॉक्टर बदलले. एका रविवारी मी त्यांना नववीच्या तासाची गोष्ट सांगून टाकली. पाय जळत नाहीत, दगड होतात, असं ती मला म्हणाली होती आणि मी तिला पाणी प्यायला सांगितलं. जिन्यातलं ते पहाटेचं चालणं मला माहीत होतं आणि बाकावर मी गप्प बसलो. सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चिडतील. निदान वाटणी तरी होईल.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

“तुम्हालाही नव्हतं, सर.”

“मला ती रोज सांगत होती.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो आणि खाली आलो.

दोन वर्षांनी भिंगरी एकदा आली. आता ती एका कार्यालयात नकाशे काढते. सकाळच्या गाडीनं आली होती आणि दुपारच्या गाडीनं जाणार होती. प्रत्येक मजल्यावर थांबत, न लाजता, ती सावकाश वर चढली. मीही बरोबर गेलो. सर भिंतीकडे तोंड करून होते. ती पलंगाशेजारी खुर्चीवर बसली आणि कार्यालयातल्या गोष्टी सांगू लागली. साहेब किती विसराळू आहे, मावशीच्या मांजरीला पिल्लं झाली, असलं काहीबाही. सर ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. मग ती थांबली.

“बाबा, मी रागावलेले नाहीये तुमच्यावर.”

“रागाव,” सर भिंतीला म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा तो पहिला शब्द होता.

तिनं बराच विचार केला. “नाही जमत, बाबा,” ती म्हणाली. “दमते मी.”

वहिनींनी तिला जेवून जा म्हटलं. तिनं उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, आईच्या गळ्यात हात टाकला आणि निघाली. जिन्यात तिचं उजवं पाऊल प्रत्येक पायरीवर आपटत गेलं. खोलीत आम्ही तिघं होतो आणि तो आवाज खालपर्यंत जाताना ऐकत होतो.

आवाज थांबल्यावर सर म्हणाले, “खाली उतरली का, बघा.”

मी खिडकीशी गेलो. ती फाटकाजवळच्या ओट्यावर बसली होती आणि उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून समोर सरळ ठेवत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“उतरली,” मी म्हणालो. “चांगली चालते आता.”

वहिनी सरांच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून आत ताटं घासायला गेल्या.